धुराड्याचा कोपरा

“हाताला फडकं का गुंडाळलंयस, दादा?”

“मुरगळलाय जरा.”

दोघे भाऊ छपरावर धुराड्याला टेकून बसले होते. धुराडे आणि कौले यांच्या सांध्यावरची शिशाची पट्टी तडकली होती आणि खाली घरमालकीण बाईंच्या झोपायच्या खोलीत भिंतभर ओल उतरली होती. जुनी पट्टी उचकटून झाली होती. सरळ बाजू धाकट्याने बसवल्या. कोपरा राहिला होता, आणि कोपरा दादाचा.

हे वाटप पहिल्यापासूनचे. कोपऱ्यात शिसे नुसते ठोकले की पातळ होते आणि पहिल्याच कडक उन्हात फाटते. ते चहूबाजूंनी हळूहळू कोपऱ्याकडे सरकवत आणावे लागते. “शिसं जावयासारखं,” दादा म्हणायचा, “आवाज चढवला की बिनसलं.” धाकट्याने कधी शिसे ठोकायची मोगरी उचललीच, तर दादा ती काढून घ्यायचा. तुझा हात जड आहे, म्हणायचा.

आता त्याचाच हात जड झाला होता. शिसं अंगात भिनलंय, हाताच्या नसा गेल्यात, आता शिवूसुद्धा नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. ते फक्त बायकोला ठाऊक आहे, असे तो धरून चालला होता. “तुम्ही भाऊजींना सांगताय की मी सांगू?” तिने विचारले, तेव्हा “एवढं एक घर होऊ दे” म्हणून त्याने वेळ मारून नेली. त्यानंतरचे हे तिसरे घर. मरणाची त्याला फारशी धास्ती नव्हती. आपण खाली आणि काम वर, हा विचार मात्र त्याला सोसत नव्हता.

त्याने लाकडी मोगरी धरली आणि हाताला काही जाणवत नव्हते म्हणून नुसत्या नजरेच्या अंदाजाने कोपरा वळवला. दिसायला तो झकास दिसत होता.

“झालं का हो?” खालून बाईंनी विचारले. “पलंग परत भिंतीला लावू?”

दादाने कोपऱ्यावर अंगठा फिरवला. काहीच कळेना. मग धाकट्याने फिरवला आणि मान खाली घातली.

“पापुद्रा झालाय ना?” दादा म्हणाला.

“हो.”

“बाई, थांबा जरा,” दादाने खाली सांगितले आणि कात्रीने कोपरा कापून टाकला. “हं, तू कर आता. मी सांगतो.”

धाकटा करू लागला. “दाबू नकोस, ढकल. तिकडून नाही रे, इकडून. आता थांब.”

“कुठे थांबू?”

“हाताला कळतं.”

“माझ्या हाताला नाही कळत, दादा.”

दादाला सांगता येईना. इतक्या वर्षांत त्याने हे कधी शब्दांत आणलेच नव्हते. पहिला तुकडा फाटला, दुसराही फाटला. तिसरा फाटला तेव्हा शिशाचा पत्रा संपला होता. याला आपण शिकू दिले नाही, हे दादाला लख्ख कळले. कळून आता उपयोग नव्हता.

धाकट्याने पिशवीतून काळ्या चिकटपट्टीची गुंडाळी काढली. हल्ली बाकीचे सगळे हीच लावत. दादाने ती कधी छपरावर चढू दिली नव्हती.

“ही कधी आणलीस?”

“झाले दिवस. वहिनी बोलली मला तुझ्या हाताचं.”

“मग मघाशी विचारलंस कशाला?”

“तू सांगशील वाटलं.”

धाकट्याने सांधा पुसला, पट्टी कापली आणि कोपऱ्यावर चिकटवली. काही वर्षे निघतील, नंतर उचकटेल. दोघांनाही ते माहीत होते.

“ही कड दाबून धरतोस? तोवर मी त्या बाजूची करतो.”

दादाने तळवा ठेवला आणि अंगाचा भार त्यावर टाकला. धाकटा धुराड्यापलीकडे गेला. ऊन चढले होते आणि कौले तापली होती.

“सोडू का रे?” थोड्या वेळाने दादाने विचारले.

“नको, अजून पक्की धरली नसेल.”

पट्टी धरली की नाही, हे दादाच्या हाताला कळत नव्हते. भाऊ सांगेपर्यंत तो तशीच दाबून बसून राहिला.