आतून लावलेली कडी

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला तुमच्या डोक्याची काळजी वाटेल. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाचं कोण खरं मानतो? एकदा मी दुकानात नुसता शिंकलो, तर समोरच्या दवाखान्याचं शटर वर गेलं. डॉक्टर आत कपडे बदलत होते. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा नीट सरसावून बसा. जिची ही गोष्ट आहे ती तिकडे पायरीवर बसलीये, माझ्या दुकानातलं एक गंजकं कुलूप मांडीवर घेऊन त्याला तेल पाजतीये. तिच्याकडे बघू नका. बघितलं की ती हसते, आणि ती हसली की माझी गाडी रुळावरून घसरते.

तर सात वर्षांपूर्वी आम्ही तिला दत्तक घ्यायला परदेशात गेलो. आम्ही म्हणजे माझे चिरंजीव, सूनबाई आणि मी. तेव्हा तिचं वय सहा, आणि अंगकाठी अशी की समोरून दिसावी आणि वळली की हरवावी. म्हणून मी तिला टाचणी म्हणायला लागलो. कागदावर तिचं दुसरं नाव होतं, पण ते घेताना माझी कवळी हातात यायची.

तिथला नियम असा, की मूल तुमच्या हवाली करतात, पण लगेच देशाबाहेर नेऊ देत नाहीत. सहा आठवडे तिथेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये सगळ्यांनी एकत्र राहायचं. शेवटी एक बाई फाइल घेऊन येणार, बघणार आणि लिहिणार. मूल घरात रुळलं असं त्यांनी लिहिलं, की सही आणि सगळे विमानात. नाही लिहिलं, तर मूल परत संस्थेत आणि आम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला. चिरंजीवांची रजा सहा आठवड्यांचीच होती, तीही साहेबाच्या हातापाया पडून मिळालेली.

आणि टाचणी तर रुळायचं नाव घेईना. पायांत बूट दिवसभर, झोपतानासुद्धा. खांद्याला एक निळी कापडी पिशवी, त्यात काय होतं ते तिलाच ठाऊक. उठली की घरातल्या एकेका दाराची मूठ दाबून बघायची. बाहेरचं दार, गॅलरीचं, स्वयंपाकघराचं, आमच्या खोलीचं, बाथरूमचं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी धंद्यातला माणूस, मला बघताक्षणी कळलं. दार तपासायची माझीही हीच पद्धत. फरक एवढाच, की मला दार उघडतं का ते बघायचं असतं, आणि तिला ते उघडून आता कोण न्यायला येतंय ते.

ती उभ्याने जेवायची, म्हणून सूनबाई उभ्याने जेवायला लागली. चिरंजीव पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत तिथली भाषा पाठ करायचे. तीन महिने शिकवणी लावून शिकले होते, पण रस्त्यात तोंड उघडलं की समोरचा माणूस त्यांना बस स्टँडकडे बोट दाखवायचा. मी या खिडकीतून त्या खिडकीत. घरात चार माणसं आणि बूड टेकलेलं एकही नाही. एकदा खालच्या मजल्यावरचा माणूस वर आला आणि काहीतरी विचारून गेला. चिरंजीव त्याला हो म्हणाले, वर आभारही मानले. नंतर पुस्तकात बघितलं, तर तो विचारत होता की तुम्ही घोडा पाळलाय का.

आता माझी चूक. ती मी कबूल करतो, म्हणजे बाकीचं तुम्ही खरं मानाल. त्या फ्लॅटच्या बाथरूमची आतली कडी सैल होती. लावलेली असली तरी बाहेरून ढकललं की दार उघडायचं. पाच आठवडे मी ते दात-ओठ खात बघितलं. सैल कडी असलेल्या घरात मला घास गिळत नाही. शेवटी बाई यायच्या आदल्या दिवशी दुकानात जाऊन हातवारे करून नवी कडी आणली, चार लांब स्क्रूंनी बसवली आणि चौकटीतलं भोक मापात करून घेतलं.

“आबा, भाड्याच्या घरात कशाला?” सूनबाई म्हणाली.

मी म्हटलं, हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही. आणि नव्हतीच हलणार. बाहेरून तर ते दार नुसती सपाट फळी. किल्लीला जागा नाही, पिन जाईल एवढं भोक नाही. खाली बोटभर फट, तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून झाडलोट. बाई अकराला येणार होत्या. सूनबाईने मायेने ती निळी पिशवी धुतली आणि गॅलरीत वाळत घातली. पलंगावर नवा फ्रॉक काढून ठेवला. पाहुण्यांसाठी खुर्ची पुसली. आमच्या डोक्यात आलंच नाही, की ही सगळी तयारी त्या पोरीने आधी दोनदा बघितली होती. नवा फ्रॉक, स्वच्छ खुर्ची, फाइलवाली बाई. आणि दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत तिचं घर बदललं होतं. हे आम्हाला कळलं फार नंतर, तिला सांगता यायला लागलं तेव्हा.

तिने ओली पिशवी ओढून घेतली, बाथरूममध्ये गेली आणि कडी लावली. खट्. इतका सुरेख बसलेला आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि इतका वाईटही.

तेव्हा वाजले होते साडेनऊ. चिरंजीवांनी खांद्याने तीन धडका दिल्या. कडीला काही झालं नाही, खांदा मात्र पुढे महिनाभर दुखला. सूनबाई दाराला कपाळ लावून एकच वाक्य म्हणत होती, मी फक्त धुतली गं पिशवी, फक्त धुतली. टाचणीला तोवर आपल्या भाषेतले सात-आठ शब्द येत होते, त्यात ‘धुतली’ नव्हता. चिरंजीव स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आले.

“आबा, दार फोडू या. दीड तास राहिलाय.”

“फोड,” मी म्हटलं. “आणि दार फोडून बाहेर काढलेलं मूल घरात रुळलं, असं त्या बाईंना तूच लिहून दे.”

त्यांनी बत्ता खाली ठेवला. मी दोघांना स्वयंपाकघरात पिटाळलं आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसलो. आत बूट फरशीवर टकटक करत होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आदल्या आठवड्यात आमच्यापैकी कोणाच्याच डोळ्याला डोळा लागला नव्हता. खिशात उरलेला एक स्क्रू लागला. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तो फटीतून आत सरकवला.

टकटक थांबली. मग स्क्रू बाहेर आला.

मी परत आत सरकवला. परत बाहेर आला. या वेळी जरा जोरात.

मग मी गोष्टी सुरू केल्या. शिंकेची आणि शटरची सांगितली. आत कोंडलेल्या नवरदेवाची सांगितली. नवरीला कुलूप आवडलं आणि नवरा नाही, ती. आतल्या बयेला ओ की ठो कळत नव्हतं, पण स्क्रू येत राहिला. एक गोष्ट, एक स्क्रू. दहा वाजले, साडेदहा वाजले. मधूनच चिरंजीव डोकावून घड्याळ दाखवत होते आणि मी त्यांना हाताने हाकलत होतो.

आता ऐका, खरी गंमत पुढे आहे. अकराला पाच कमी. जिन्यात त्या बाईंच्या टाचांचा आवाज आला. घरात सगळ्यांचा श्वास अडकला. आणि तुमचा हा आबा उठला. सूनबाईच्या केसांतली पिन काढून घेतली, एक डोळा मिटला, पिन दाराच्या भोकात घातली...

“कुठल्या भोकात?” पायरीवरून आवाज आला.

मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. तर पिन घातली, मनगट एवढंसं फिरवलं. एक, दोन, तीन. लोण्यातून सुरी जावी तशी कडी सरकली. तेवढ्यात बाई आत आल्या. त्यांच्या हातातलं पेन गळून पडलं. म्हणाल्या, मी अनेक देशांतले कारागीर बघितले, पण असा हात बघितला नाही. टाचणी धावत आली, माझ्या गळ्यात पडली, आणि बाईंनी तिथेच, उभ्या उभ्या, माझ्या पाठीवर फाइल टेकवून सही केली.

“आबा.” पोरीने कुलूप मांडीवरून खाली ठेवलं. “किती थापा माराल? दाराला बाहेरून भोकच नव्हतं, आत्ता तुम्हीच म्हणालात. आणि पिन आईच्या केसांतच होती. मी स्क्रू सरकवला आणि तो परत आला नाही. मला वाटलं, हेही गेले. म्हणून बघायला मी कडी काढली, तर तुम्ही दारासकट आत आलात आणि तुमचं डोकं माझ्या बुटांवर. तोंड उघडं, गाढ झोपेत. पाय ओढले असते तर तुम्ही उठला असता. म्हणून मी हळूच बुटांतून पाय काढले आणि बूट तिथेच राहू दिले. त्या बाई आल्या तेव्हा मी तुमच्या शेजारी अनवाणी बसले होते. त्या काहीतरी बोलायला लागल्या, तर मी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. तुम्ही उठलात तेव्हा सही होऊन गेली होती.”