सातवा खिळा

मी बोलतोय, एक लाल रबरी टोपण. अंगठ्याएवढा जीव माझा. बोलायचाही आता कंटाळा आलाय. पण एकोणीस वर्षं समुद्राच्या तळाशी एका नळीचं तोंड दाबून बसल्यावर एवढं तरी सांगायलाच हवं.

आम्ही बारा भावंडं एकाच साच्यातली. अवकाशयान बांधताना उघड्या नळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून आम्हाला त्यांच्या तोंडावर बसवतात. प्रत्येकाला हातभर लाल फीत, तिच्यावर छापलेलं: ‘उड्डाणाआधी काढा’. म्हणजे आयुष्यातलं मोठं काम एकच, वेळेवर निघून जाणं. तेवढंही माझ्या हातून झालं नाही.

माझी नळी, सात नंबरची, फिटरताईंनी बसवली. सांध्याला शेवटचा आटा देताना त्या डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “हं, बस आता गप.” तपासणीला नाना होते. त्यांनी भिंतीवर बारा खिळ्यांची फळी ठोकली होती. काढलेलं टोपण आपापल्या खिळ्याला लटकलं पाहिजे, बारा खिळे भरले की यान मोकळं, असा त्यांचा नियम.

उड्डाणाच्या आदल्या दुपारी मोठे साहेब फोटोसाठी आले. माझी फीत नेमकी यानावरच्या बोधचिन्हासमोर लोंबत होती.

“ही चिंधी मध्ये कशाला?”

“साहेब, ती उद्या निघणारच आहे,” ताई म्हणाल्या.

“फोटो आजच जायचाय, बाई. कात्री आणा.”

कात्री आली. फीत खाली पडली. फोटो झाला, सगळे पांगले. नाना मागे राहिले, वाकले, फीत उचलली आणि सातव्या खिळ्याला नीट अडकवून घरी गेले.

सकाळी बाकीची अकरा भावंडं निघून आपापल्या खिळ्यांवर गेली. पाळीच्या माणसाने लांबूनच फळीकडे पाहिलं. बारा खिळे, बारा लाल फिती. त्याने बरोबरची खूण केली. फितीशिवाय मी यानाच्या अस्तराच्या घडीत कुणाला दिसणार?

यानात माणूस नव्हता, तेवढंच नशीब. वर गेल्यावर टाकीतला दाब माझ्या नळीतून बाहेर पडायला हवा होता. तो ढकलत राहिला, मी सुटलो नाही. घट्ट बसायलाच घडवलेला मी! टाकी फुटली आणि आम्ही सगळे समुद्रात पडलो.

पुढचं मला फार उशिरा, जहाजाच्या डेकवर ऐकू आलं. चौकशी समितीने एकही तुकडा न पाहता तीन आठवड्यांत लिहून टाकलं: ‘फिटरने सांधा नीट आवळला नाही.’ ताईंना हत्यारं देण्या-घेण्याच्या खिडकीत बसवलं. कॉलेजात त्यांच्या मुलीला विचारायचे, “यान पाडणाऱ्या बाईंची मुलगी ना गं तू?” ताई दरवर्षी अर्ज करायच्या: अवशेष शोधा. दरवर्षी तेच उत्तर: पाणी फार खोल आहे. पाणी खोल होतंच. पण तिथे केबल टाकायची ठरली, तेव्हा बरोबर तळ गाठला!

त्या सर्वेक्षणात यंत्राच्या दिव्याखाली आम्ही दिसलो. वर आणून खाऱ्या पाण्याच्या टबात ठेवलं, हवेत धातू गंजू नये म्हणून. तुकडे ओळखणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ताईंना बोलावलं. केस पांढरे झाले होते, बोटं तीच.

त्यांनी आधी सांधा चाचपला. पिळून पाहिला.

“हलतोय का?” शोधपथकाची प्रमुख असलेल्या तरुणीने विचारलं.

“तूच बघ. एकोणीस वर्षं खाऱ्या पाण्यात होता. मी तरी कुठे इतकी घट्ट राहिले?”

मग बोटं पुढे सरकली आणि माझ्यावर थबकली. फितीचं कापलेलं टोक त्यांनी नखाने चाचपलं.

“अगं, हे इथे कसं? खिळे तर भरलेले होते.” त्या टबाशेजारी खालीच बसल्या. “नाना! जमिनीवर कागदाचा कपटा पडलेला त्यांना चालायचा नाही. फीत त्यांनीच लटकवली असणार.”

“मग अहवालात त्यांचं नाव...?”

“नाना जाऊन पाच वर्षं झाली. पण खरं आहे ते लिही. सगळ्यात वर लिही, सांधा शाबूत. मग कात्री कुणी मागवली ते. नाना त्याच्या खाली.”

त्या तरुणीने फोटो घेतले, मान हलवली. ताईंनी मला चिमटीत धरलं आणि ओढलं. पुटकन आवाज झाला.

“आता निघालास होय रे?” त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला मुठीत ठेवूनच त्यांनी आपल्या मुलीला फोन लावला. म्हणाल्या, “अगं, धरून होता. माझा सांधा धरून होता.”

मला काचेच्या पेटीत ठेवू नका, माझ्यावर भाषणं करू नका. ती फळी अजून कुठे असेल तर सातव्या खिळ्याला मला लटकवा. आणि पुढच्या वेळी कुणावर बोट दाखवायच्या आधी तळापर्यंत जाऊन या. मी फार दमलोय. ताईंची मूठ मात्र ऊबदार आहे.