व्हॉल्व्हचे मालवणी धडे

मुंबईची नोकरी सोडून गौरजा विजयदुर्गला परत आली, तेव्हापासून तिच्या कानात एक आवाज घर करून बसला होता. जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, ॲम्प्लिफायरमधून येणारा गिटारचा आवाज, ऊबदार, कडा विरघळलेला. दुपारी खाडीवरून वारा आला की तिला तो त्यातही ऐकू यायचा. शेवटी तिनं ठरवलं, असा ॲम्प्लिफायर आपल्या हातानं बांधायचा.

त्यासाठी तिनं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक इंटरनेटवरून उतरवून तळेऱ्याला छापून आणलं. परदेशातल्या कारागिरांचे व्हिडिओ पाहिले. माडीच्या भिंतीवर सर्किटचे नकाशे लावले. वाचताना सगळं कळायचं, पण पुस्तक मिटलं की पाटी कोरी.

शेजारचे सत्यवानकाका उभा जन्म जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. एकदा ते माडीवर डोकावले, तेव्हा गौरजानं काचेची नळी त्यांच्यापुढे धरली. "काका, हेच्यात नेमका काय होता, ता माका कळणा नाय."

काकांनी नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "चल माझ्यावांगडा."

ते तिला खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर घेऊन गेले. भरती लागली होती. बांधातल्या पाण्याच्या दाराकडे, उघाडीकडे, त्यांनी बोट दाखवलं. "बघ गो. दार वायच हलला की केवढा पाणी आत येता! दार हलवूक एक माणूस पुरता, पण पाणी सगळा खाडयेचा. नळयेतली जाळी म्हणजे ह्या दार. तुझी गिटार ता हलयता. वीज म्हणजे ही खाडी."

गौरजा बांधावरच बसली. पाणी दारातून आत येत होतं, कमी-जास्त होत होतं, आणि तिला वाटलं, आपण सूरच वाहताना बघतोय.

मग काम सुरू झालं. काकांना वीज कळायची, गौरजाला आवाज, आणि दोघांनाही एकमेकांचं विचारावं लागायचं. ती तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायला बसली की काका बजावत, "स्वीच बंद केलो म्हणून वीज गेली असा समजू नको. कपॅसिटरात ती दबा धरून बसता."

ॲम्प्लिफायर पहिल्यांदा चालू केला, तेव्हा नळ्यांत केशरी उजेड हळूहळू उमलला. पण त्याबरोबर अशी घरघर सुरू झाली, की गिटार ऐकूच येईना.

"माका कानान कमी आयकाक येता," काका म्हणाले, "पण ह्या माका पण आयकाक येता."

गौरजाचा चेहरा उतरला. तिनं आतला फोटो इंटरनेटवर शिकणाऱ्यांच्या एका गटात टाकला. कुठल्यातरी बर्फाच्या देशातल्या अनोळखी माणसाचं उत्तर आलं: नळ्या तापवणाऱ्या दोन तारा एकमेकींत घट्ट पिळ आणि कोपऱ्यातून ने. पुस्तकातही हेच होतं. तिनं ते कितीदा तरी वाचलं होतं!

तारा पिळल्या, आणि घरघर थांबली. गौरजानं गिटारची एकच तार छेडली. सूर माडीभर पसरला, खिडकीतून उतरून खाडीकडे गेला. विरला कधी, ते कळलंच नाही.

"कसो वाटता, काका?"

"इचारू नको. वाजव," डोळे मिटूनच ते म्हणाले.

तिच्या मनात आलं, हे सगळं आपल्याच बोलीत कुणी सांगितलं असतं तर? मग काकांना उघाडीपाशी उभं करून तिनं मोबाइलवर पहिला धडा चित्रित करून इंटरनेटवर टाकला, मग पुढचेही. पाहणारे थोडेच होते. पण पिंगुळीहून नम्रता नावाच्या मुलीचा निरोप आला. घरात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, आणि तिला खेळाच्या साथीला गिटार हवी होती, म्हणून धडे बघत तिनंही ॲम्प्लिफायर बांधला होता. "नळयो पेटल्यो, पण आवाज येणा नाय. तुम्ही येशात?"

दोघं सकाळच्या एसटीनं निघाली. काका खिडकीला टेकून झोपले. गौरजाच्या मांडीवर हत्यारांची पिशवी होती, आणि बाहेर आंब्याच्या बागा स्वप्नातल्यासारख्या मागे सरकत होत्या.

पिंगुळीच्या स्टॉपवर नम्रता वाट बघत होती, तान्ह्या पोराला घ्यावं तसा ॲम्प्लिफायर गोधडीत गुंडाळून. घरी जाईपर्यंतही तिला धीर धरवेना. स्टॉपच्या बाकावरच तिनं गोधडी उघडली.