उन्हाळ्याच्या घरातला हिवाळा

समुद्रकाठच्या आमच्या पोर्थवेन गावात आम्ही वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवतो. वसंतात ईस्टर आला की घरं पर्यटकांची, ऑक्टोबर लागला की आमची. उन्हाळाभर मी, माझा नवरा जोरी आणि आमची लेक केरा, जोरीच्या भावाच्या शेतात कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, राहतो आणि पर्यटकांच्या चादरी धुतो. याचं गावात कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं, पण मला विचारतो कोण!

यंदा ट्रेगेन्झाबाईंचं बंदराजवळचं घर मिळालं. दगडी, देखणं, आणि भिंतींतून पाणी पाझरणारं. हीटर दिवसभर चालू ठेवला तरी बोटं गारठलेलीच. त्या ओलीनं छाती भरून दोन वर्षांच्या केराला दवाखान्यात दुसऱ्यांदा ऑक्सिजन लावावा लागला, तेव्हा माझं डोकं फिरलं. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. म्हटलं, या आणि बघा आम्ही कसल्या घरात राहतोय ते.

तपासणीच्या दिवशी सकाळीच ट्रेगेन्झाबाई मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्या घेऊन दारात हजर. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात बोलल्या.

"लव्हडे, पोरी, या घराला ऊर्जेचं प्रमाणपत्र नाही, घर किती ऊब धरतं ते सांगणारं. लागतच नाही. कागदोपत्री ते वर्षात चार महिनेसुद्धा भाड्यानं न जाणारं, सुट्टीवरच्या पाहुण्यांचं घर, म्हणून त्याला सूट आहे."

"पाहुण्यांचं? मग आम्ही कोण?"

"तेच तर. तुम्ही हिवाळाभर राहता हे कळलं की सूट गेली. मग प्रमाणपत्र काढा. या भिंतींना सगळ्यात खालचाच दर्जा मिळणार, आणि तसलं घर भाड्यानं देता येत नाही. दुरुस्ती मला झेपणार नाही. मी तुला काढत नाहीये गं. पण ठेवूही शकणार नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हाच खरा वैताग. जोरीनं गावभर फोन फिरवले. सगळी घरं ऑक्टोबरातच गेलेली, भर जानेवारीत रिकामं घर कुठलं मिळायला? कॅराव्हॅनचा तर नळसुद्धा गोठला होता. शेवटी आम्ही इथं राहतो हे दिसू नये म्हणून मी वेड्यासारखी केराचे कपडे, औषधं, खेळणी पलंगाखाली कोंबायला लागले.

कौन्सिलचा माणूस तरुण होता, भला होता. त्यानं भिंतीला हात लावला आणि रुमालाला पुसला. केरा माझ्या खांद्यावर होती, तिच्या छातीत घरघर चालली होती. तुम्ही इथंच राहता का, त्यानं विचारलं.

खरं बोलले तर छप्पर जाणार, खोटं बोलले तर या भिंती अशाच राहणार.

"नाही," मी म्हणाले. "सुट्टीला आलोय, आठवडाभर. सुट्टी वाया गेली म्हणून रागात फोन केला."

त्याला हायसं वाटलेलं दिसलं.

"मग माझं ऐका. हिला आजच परत न्या. तुमचं घर उबदार असेल ना?"

केरा खोकली. मी तिला शालीत घट्ट गुंडाळलं.

"हो," मी म्हणाले. "खूप उबदार आहे."