दुसरी बाटली

वाईनची सहावी बाटली उघडून हुंगली आणि त्याने बूच भिंतीवर फेकून मारलं.

"पुठ्ठा! ओल्या पुठ्ठ्याचा वास! सडक्या बुचांनी वाईन नासवली! त्या बूचवाल्याला उभा सोलतो मी!"

फोनवर त्याने बूचवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो बिचारा ऐकून घेत शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, आधी पिंपातली चाखून बघा. तिला तर माझं बूच लागलेलं नाही."

बावीस वर्षं त्याने मोठ्या हॉटेलात लोकांना वाईन निवडून दिली, ओतून दिली. सोमेलिए म्हणत त्याला; स्वयंपाकघरातले नाकसाहेब म्हणत. त्या नाकाच्या जोरावर त्याने कितीतरी वाईनवाल्यांचा माल परत धाडला, वर त्यांची टिंगलही केली. शेवटी नोकरी सोडून ताईच्या मळ्यावर आला आणि स्वतःच वाईन करायला बसला. ताईची द्राक्षं आजवर दुसऱ्यांच्या नावाने खपत. यंदा पहिल्यांदाच बाटलीवर तिचं नाव होतं, आणि आज त्याच हॉटेलचा मॅनेजर माल बघायला यायचा होता.

तो तणतणत तळघरात उतरला. पहिल्या पिंपाला तोच वास. दुसऱ्यालाही. आठही पिंपं तशीच.

"काय सांडलंस इथे?" तो ताईवर खेकसला.

"मी?" ताई उसळली. "तू सांगितलंस तेच केलं. रोज फरशी ब्लीचने धुतली, पिंपं पुसली. मी म्हणत होते, गरम पाणी पुरे. तर म्हणालास, हा काय गोठा आहे? आमच्या हॉटेलात फरशीवर पान वाढावं, असं चकचकीत असायचं!"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ब्लीच, लाकूड आणि दमट तळघरातली बुरशी, या तिघांचं जमलं की हाच वास येतो. हे तो गिऱ्हाइकांना ऐटीत समजावून सांगायचा. स्वतःच्या तळघरात मात्र त्याला हॉटेलची ऐट आठवली होती.

"वर्षभर राबले रे मी," ताई म्हणाली. "माझ्या वेलींनी काय घोडं मारलं होतं तुझं?"

त्याला भयंकर राग आला होता आणि तो काढायला आता स्वतःशिवाय कुणी उरलं नव्हतं.

दुपारी मॅनेजर आला. बसल्या बसल्या टेबलावरच्या उघड्या बाटलीतली त्याने ओतून घेतली, ग्लास फिरवला, घोट घेतला.

"वा! नाकसाहेब, मानलं तुम्हाला. सगळी घेतो. आठही पिंपं."

बावीस वर्षं या माणसाच्या हाताखाली काढली आणि याला पुठ्ठा कळत नाही! त्याच्या मस्तकात तिडीक गेली. पण गप्प बसलं की काम फत्ते होतं. त्याने ताईकडे पाहिलं. ताई बाटलीवरच्या आपल्या नावाकडे बघत होती. मग तिने ती बाटली मॅनेजरपासून हळूच भावाकडे सरकवली.

तो उठला. सवयीने पांढरा रुमाल हातावर टाकला आणि मॅनेजरच्या पुढ्यातला ग्लास उचलला. नोकरीच्या पहिल्याच दिवशी याच मॅनेजरने त्याच्याकडून घोकून घेतलेलं वाक्य त्याने म्हटलं, "माफ करा, यात दोष आहे. दुसरी आणतो."

"अहो, पण मला आवडली की!"

बाटली घेऊन तो तळघराच्या पायऱ्या उतरू लागला. दुसरी नव्हती. मागून ताईचा आवाज आला, "पिंपं रिकामी कर. मी गरम पाणी ठेवते."