पाच नऊ नऊ

सकाळी साडेसहाला भय्यासाहेब पाग्यांनी मोर्सच्या कळीवरून रामकृष्णाला तिसऱ्यांदा हाक मारली आणि बोट उचलून वाट बघत बसले. हेडफोनमध्ये नुसती खरखर होती.

"आला का?" स्वयंपाकघरातून विनताबाईंनी विचारलं.

भय्यासाहेब दोन सेकंद थांबले. मग म्हणाले, "नाही."

हे दोन सेकंद विनताबाई लग्नापासून सोसत आल्या होत्या. हौशी रेडिओवाल्यांची रीतच तशी असते. समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच आपलं सुरू करायचं नाही, थोडी जागा सोडायची. मध्येच कोणाला काही तातडीचं सांगायचं असेल तर त्याला शिरता यावं म्हणून. भय्यासाहेबांनी ही रीत घरात आणली होती. आमटीत मीठ बरोबर आहे का, या प्रश्नालासुद्धा ते जागा सोडूनच उत्तर देत, आणि तोवर बिचाऱ्या बाईचा जीव टांगणीला लागे.

"चौथा दिवस झाला. फोन लावा न त्याला. काहून ताणून राहिले उगाच?"

"लावला होता. उचलून नाही राहिला."

"अच्छा. म्हणजे खरंच लागलं त्याला."

भय्यासाहेबांनी रेडिओ बंद केला. बावीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला जबलपूरजवळच्या पाटणहून रामकृष्ण आणि शहरातल्या राइट टाउनमधून भय्यासाहेब दहा मिनिटं कळीवर टिकटिक करत. बोलणं काय, तर थंडी किती पडली, गुडघा कसा आहे, मटार बाजारात आला का. रामकृष्णाचं पाटणला विजेच्या मोटारींची जळलेली तार नव्याने गुंडाळून द्यायचं दुकान होतं. भय्यासाहेब विजेच्या कार्यालयात चौतीस वर्षं आवक-जावक बघून निवृत्त झाले होते. या दहा मिनिटांवर दोघांचा पुढचा दिवस उभा असे, आणि आता चार दिवस ती दहा मिनिटं भय्यासाहेब एकटेच बसून काढत होते.

दोघांमध्ये एकच जुनी तक्रार होती. रेडिओवर भेट झाली की तुझा आवाज कसा आला ते तीन आकड्यांत सांगतात. पाच नऊ नऊ म्हणजे सगळं उत्तम. बाकीचे लोक शिष्टाचार म्हणून सरसकट पाच नऊ नऊ देऊन मोकळे होतात. भय्यासाहेब देत नसत. जेवढं आलं तेवढंच नोंदवायचं, हा आवक टेबलाचा धर्म. रामकृष्णाला त्यांनी बावीस वर्षांत पाच सात नऊच्या वर एकदाही चढवलं नव्हतं.

"एकदा तरी दे न बावा," तो म्हणे. "काही अडत नाही माझं, पण बरं वाटेल."

"ज्या दिवशी येईल त्या दिवशी देईन."

भांडण झालं ते मात्र यावरून नव्हे. जबलपूर आणि आसपासच्या रेडिओवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, दोनशे चौदा माणसांचा, आणि त्याच्या किल्ल्या भय्यासाहेबांकडे होत्या. नियम त्यांनीच लिहिले होते, तीनच. एक, स्वतःचं नाव लिहिल्याशिवाय बोलायचं नाही. दोन, जे रेडिओवर सगळ्या जगाच्या कानावर म्हणायला तोंड होणार नाही, ते इथे लिहायचं नाही. तीन, कोणी मर्यादा सोडली तर आधी त्याला फोन करायचा, त्याचं पूर्ण ऐकायचं, आणि तरीही गरज वाटली तर त्याचा मजकूर काढून त्याला सात दिवस गप्प बसवायचं.

तिसऱ्या नियमाचा भय्यासाहेबांना अभिमान होता. कटनीचा गौरांग एकदा रात्रंदिवस सगळ्यांवर खेकसत सुटला होता. भय्यासाहेबांनी फोन लावला तेव्हा कळलं, शेजाऱ्याने पतंग काढायच्या नादात त्याची अँटेनाची तार कापली होती आणि याला ते कोणाजवळ बोलता येत नव्हतं. अर्धा तास बोलला आणि मऊ झाला. पाच वर्षांत प्रत्यक्ष गप्प बसवायची वेळ फक्त तिघांवर आली होती. बाकी सगळे फोनवरच निवले.

चौथा रामकृष्ण.

प्रणोती नावाची एक बाई, राइट टाउनमधल्याच एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. तिचं लायसन्स नुकतंच आलं होतं. संगणक रेडिओला जोडून तिने पहिल्यांदाच जपानमधल्या कोणाशी संपर्क साधला आणि मोठ्या आनंदाने ग्रुपवर लिहिलं. त्यावर रामकृष्णाने लिहिलं, "ये रेडियो नहीं, टाइपिंग है. मैडम टाइपिंग का सर्टिफिकेट ले लेतीं, सस्ता पड़ता."

तेव्हा, सोमवारी संध्याकाळी, भय्यासाहेब विनताबाईंबरोबर नर्मदेच्या ग्वारीघाटावर होते. आरतीची गर्दी जमत होती, नाववाला "चलो चलो" करत होता, विनताबाईंच्या हातात द्रोणातला दिवा होता. त्यांनी खिशातून फोन काढला, वाचलं, तिथेच पायरीवर उभ्याउभ्या मजकूर पुसला, रामकृष्णाचं नाव घेऊन सात दिवसांची सूचना लावली आणि फोन परत खिशात ठेवला. दिवा सोडताना त्यांना जरा बरंच वाटत होतं. दोस्त असला तरी सोडलं नाही, म्हणून.

दुसऱ्या सकाळपासून साडेसहा वाजता खरखर सुरू झाली.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी प्रणोती घरी आली. विनताबाईंनी पोहे टाकले. प्रणोतीचं मराठी घरापुरतं होतं, बोलता बोलता ते हिंदीच्या अंगणात जायचं आणि परत यायचं.

"काका, मी नाराज नाही आहे, पहिले सांगते. स्टाफरूममध्ये याच्याहून जास्त ऐकते मी रोज."

"तू नाराज नसशील. पण वाक्य चुकीचं होतं."

"हो, ते तर होतंच. पण एक पूछना था." तिने पोह्यांची बशी खाली ठेवली. "त्यांना फोन केला होता का तुम्ही? आधी? म्हणजे, नियम तीन."

भय्यासाहेब थांबले. या वेळी दोन सेकंदांत भागलं नाही. विनताबाईसुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं, त्याला काय फोन करायचा. रामकृष्ण आहे तो. समजून घेईल."

"बाकी सगळ्यांना करता न पण?"

"सगळ्यांना."

प्रणोतीने बशी परत उचलली. पोहे चांगले झालेत म्हणाली. भय्यासाहेबांनी मात्र आपली बशी बाजूला सारली. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांचं त्यांनी तासतास ऐकून घेतलं होतं, आणि ज्याच्याशी बावीस वर्षं रोज बोललो त्याला एक फोन केला नाही. दोनशे चौदा माणसांसमोर नाव घेऊन उभं केलं, तेही घाटाच्या पायरीवरून, घाईत. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं. रामकृष्णाचं वाक्य चुकीचं होतं, त्याचे सात दिवस तसेच राहतील. पण सूचना लावण्याआधी मी त्याला फोन केला नाही, नियम मीच मोडला. म्हणून मीही उद्यापासून सात दिवस गप्प. तोवर किल्ल्या प्रणोतीकडे.

"मेरे पास? काका, पंधरा दिवस झाले मला ग्रुपवर येऊन!"

"नियम तूच वाचले आहेस नीट."

"आणि तुम्ही सात दिवस करणार काय?" विनताबाईंनी विचारलं.

दोन सेकंद. "ऐकीन."

पहिल्याच दिवशी प्रणोतीची परीक्षा झाली. गौरांगने तिची बाजू घेण्याच्या भरात लिहिलं, की पाटणच्या म्हाताऱ्यांनी आता मोटारीच गुंडाळाव्यात. प्रणोतीने पुसलं नाही. फोन लावला. पाऊण तासाने गौरांगने ते स्वतःच काढून टाकलं आणि खाली लिहिलं, "सॉरी सर, रामकृष्णजी." भय्यासाहेबांनी हे गप्प बसून वाचलं आणि त्यांना फार समाधान वाटलं. आपण नसलो तरी चालतं, हे कळूनही समाधान वाटावं, हे त्यांना नवीन होतं.

सकाळी हाक मारणं त्यांनी सोडलं नाही. ग्रुपवर गप्प बसायचं होतं, रेडिओवर नव्हे. रोज साडेसहाला तीन वेळा रामकृष्णाला हाक, मग वाट बघणं, मग रेडिओ बंद. रविवारी पहाटे लाइट गेली होती. जुनी बॅटरी शोधून जोडेपर्यंत सहा एकेचाळीस झाले. त्यांनी तरीही हाक मारली. ऐकतच नसेल कोणी तर उशीर झाला काय आणि लवकर झालं काय, असं मनात आलं आणि त्या दिवशी चहा त्यांना कडू लागला.

सोमवारी रामकृष्णाचे सात दिवस संपले. तो ग्रुपवर आला नाही.

गुरुवारी पोस्टमनने पाकीट टाकलं. वर पाटणचा शिक्का. आत दोन कार्डं होती, रेडिओवाले एकमेकांना पाठवतात तशी. आपण तुम्हाला अमुक वेळी ऐकलं, असा हा पुरावा असतो. न बोलता नुसतं ऐकलं असलं तरी पाठवता येतो. पहिलं कार्ड भय्यासाहेबांच्या नावाचं होतं. त्यावर रामकृष्णाच्या मोटारीची तार गुंडाळणाऱ्या हाताच्या बारीक, नेटक्या अक्षरांत आठ ओळी होत्या, मंगळवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत. तारीख, वेळ, आवाजाचे आकडे, शेरा.

सहा तीस, पाच सात नऊ. सहा तीस, पाच सात नऊ. एकही सकाळ सुटली नव्हती. शनिवारच्या ओळीसमोर शेरा होता, "ग्रुपवरचं वाचलं." रविवारच्या ओळीत वेळ सहा एकेचाळीस होती, आणि समोर लिहिलं होतं, "अकरा मिनिटं उशीर. तब्येत बरी आहे न?"

भय्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि ती ओळ पुन्हा वाचली. अकरा मिनिटं तो माणूस तिकडे कानाला हेडफोन लावून बसून होता. रुसलेला, आणि तरी काळजीत.

दुसरं कार्ड प्रणोतीच्या नावाचं होतं. ते संध्याकाळी त्यांनी स्वतः चालत जाऊन तिला दिलं. तिने दारातच मोठ्याने वाचलं. "रविवारी दुपारी चार वाजता, तुम्ही ग्रुपवर लिहिलेल्या वेळेला, तुमचा सिग्नल पाटणला ऐकला. माझ्याकडे संगणक नाही, म्हणून काय लिहिलं होतं ते कळलं नाही. सूर स्वच्छ होता. चांगलं स्टेशन आहे. रामकृष्ण."

"काका," ती म्हणाली, "ये माफी है ना?"

"त्याच्या हिशेबाने फार मोठी आहे."

"फ्रेम करते मी हे." आणि लगेच म्हणाली, "तुमचा एक दिवस बाकी आहे अजून, किल्ल्या परवा देईन." भय्यासाहेबांना तिचं हे फार आवडलं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला त्यांनी हाक मारली. तीनदा नाही, एकदाच. बोट उचललं आणि जागा सोडली.

शेजारी कोणीतरी पाण्याचा पंप लावला होता, त्याने कानात नुसता कचरा भरला होता. त्या कचऱ्याखालून, अगदी बारीक, रामकृष्णाचा हात ओळखू आला. ठिपका जरा आखूड, रेघ जरा लांब, बावीस वर्षांचा तोच हात. मटार आला, त्याने कळवलं. रविवारी ये. वहिनींना आण. त्या मास्तरीणबाईंनाही आण, तो संगणक कसा जोडतात ते बघायचं आहे. माझा आवाज कसा आहे?

निम्मी अक्षरं पंपाने खाल्ली होती. प्रामाणिकपणे बोलायचं तर पाच चार नऊसुद्धा कठीण होतं. भय्यासाहेबांनी वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि चौतीस वर्षं आवक सांभाळलेल्या माणसाने पुढच्या रकान्यात शांतपणे लिहिलं, पाच नऊ नऊ. मग कळीवर तेच वाजवलं.

बोट उचलून पलीकडची वाट बघितली. मग हळूहळू एकेक अक्षर आलं. खोटारडा.

भय्यासाहेब एकटेच हसत होते.

"आला क—" स्वयंपाकघरातून विनताबाई विचारू लागल्या.

"आला!" त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच भय्यासाहेब ओरडले.