तुळशीरामचा गुडघा आणि वड्यांचं पीठ

सारसोळ्याच्या तुळशीराम कोळ्याच्या नव्या गुडघ्यात डॉक्टर जैनब यांनी औषध कालवलेलं सिमेंट भरलं आणि घरी सोडताना कौतुकाने समजावलं, "हे एक प्रकारचं प्लास्टिकच आहे, काका. यातून अँटिबायोटिक थोडं थोडं झिरपत राहतं. आसपास जंतू टिकायचा नाही." बाईंनी शेवटचं वाक्य गिळलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

ते ऐकलं तुळशीरामच्या बायकोने, पुतळाबाईने. नात भावनाची हळद आली, आणि हळदीच्या जेवणातल्या वड्यांचं आंबवायला ठेवलेलं पीठ काही केल्या फुगेना. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण शेवंताबाई, तिचा शब्द गावात शेवटचा. तिने पिठाकडे पाहिलं, पुतळाबाईचं ऐकलं, मग गुडघ्याकडे पाहिलं. "पिठातला जंतू मारतंय हे. याला भायेर काढा."

तुळशीरामला ओटीवर बसवलं. पीठ ढिम्म. गल्लीच्या टोकाला नेलं, तिथे कोळणींनी त्याच्याभोवती बोंबलांच्या पाट्या मांडल्या, मासळी टिकेल म्हणून. पीठ तरी ढिम्मच. त्याने घाबरून डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या ओरडून सांगत होत्या, "अहो, औषध गुडघ्याबाहेर जात नाही!"

"डाक्टरीन वडे तलायला येनार हाय का?" शेवंताबाई म्हणाली. चौघांनी तुळशीरामला उचलून त्याच्याच होडीत बसवलं आणि होडी खाडीत मधोमध नांगरली.

तासाभरात पीठ टोपाबाहेर आलं. ऊन चढलं होतं म्हणून आलं, पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

होडीत तुळशीरामला रडू कोसळलं. या नातीला त्याने खांद्यावर बसवून वाढवलं, आणि तिची हळद आता बँडच्या आवाजावरून ओळखायची!

पण बँड जवळ येऊ लागला. भावनाने पाटावर बसायलाच नकार दिला होता. "आजा नाय तं हलद नाय." मग पाट, हळदीचं ताट, शेवंताबाई, बँडवाले, सगळं होड्यांत भरून आलं. वडे तेवढे किनाऱ्यावर तळले, गुडघ्यापासून सुरक्षित अंतरावर.

नवरीला हळद लागली. मग पुतळाबाई नवऱ्यापाशी बसली आणि उरलेली हळद त्याच्या टाक्यांच्या व्रणावर हलकेच चोळत म्हणाली, "दुखतंय का तुमाला?"

ऑपरेशनपासून हे कोणी विचारलंच नव्हतं. तुळशीरामला खोटं बोलवेना.

"लय," तो म्हणाला.